अप्पांची ऑटोमॅटिक

अप्पा गेल्यावर महिन्याभरात त्यांच्या गाडीचा गिअर घसरायला लागला आणि माझं डोकं फिरलं. जुनी अमेरिकन गाडी, ऑटोमॅटिक. बंगळूरच्या साऱ्या जयनगरात अशी दुसरी नाही, हे अप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. जिवंत असेपर्यंत तिच्या स्टिअरिंगला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही.

मला ती गाडी विकून टाकायची होती. पण आईच्या डोळ्यांत काचबिंदू होता. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगून चार वर्षं झाली होती आणि चार वर्षं अप्पा ‘बघू’ म्हणत होते. त्यात तिचा एक डोळा गेला. दुसऱ्यासाठी या गुरुवारी दुपारची वेळ मिळाली होती. ही वेळ चुकली तर पुढचं काही सांगता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

आणि आई म्हणे, जाईन तर घरच्या गाडीतून. आमच्या घरातली बाई भाड्याच्या वाहनात बसत नाही. शहाजीराजांबरोबर बंगळूरला आलेल्या घराण्याचा हा रिवाज, असं अप्पा सांगत. शहाजीराजांच्या वेळी ऑटोरिक्षा कुठे होत्या, हे विचारायची सोय नव्हती.

मी यशवंतपूरला कारखान्यात यंत्रं तपासते. कारखान्याशेजारच्या मल्लाप्पाच्या गॅरेजात मी गाडी नेली. गिअरबॉक्सचं तेल काढलं तर काळं, करपट वासाचं. अप्पा इतर गाड्यांसारखं इंजिन बंद ठेवून तेल बघत, ते पुरेसं दिसे आणि मग ते वर ओतत नसत. ऑटोमॅटिकचं तेल इंजिन गरम आणि चालू असताना बघायचं असतं. तेल कमी असलं की पंप हवा ओढतो, दाब पडतो आणि आतल्या क्लच प्लेटी घसरून जळतात. अप्पांना हे सांगण्याची कुणाची छाती नव्हती. मल्लाप्पाने प्लेटी बदलल्या, दाब मोजला. मी लालबागेला दोन फेऱ्या मारल्या. गाडी लोण्यासारखी चालली.

गुरुवारी सकाळी मल्लाप्पा मुद्दाम घरी आला. अंगण सपाट, सिमेंटचं. गाडीचं तोंड फाटकाकडे होतं. आई मागच्या सीटवर बसली. मी गिअर टाकून पाय दाबला.

इंजिन गुरगुरलं. गाडी जागची हलली नाही.

“मल्लाप्पा, हे काय काम केलंत?” मी खिडकीतून ओरडले.

“अक्का, स्वल्प थांबा. रिव्हर्स टाका.”

रिव्हर्स टाकताच गाडी झटक्यात मागे सरकली आणि पोर्चमध्ये गेली. मी आईला उतरवलं. पुन्हा पुढचा गिअर टाकला. गाडी सरळ फाटकाबाहेर गेली. आत आणली, आईला बसवलं. परत तेच. मल्लाप्पाने आईच्या जागी वाळूची दोन पोती टाकली. गाडी बिनतक्रार चालली.

“पुढचा गिअर गेलाय, इतकंच,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. “आपण रिव्हर्समध्येच बाहेर काढू.”

गाडी वळवून तिचं तोंड घराकडे केलं. आता रिव्हर्स म्हणजे फाटक. आईला बसवलं आणि रिव्हर्स टाकला.

इंजिन नुसतंच गुरगुरलं.

मी हळूच पुढचा गिअर टाकला. जो मघाशी घसरत होता, तोच आता घट्ट बसला आणि गाडी घराच्या पायरीपर्यंत गेली.

“अक्का,” मल्लाप्पा म्हणाला, “गिअरबॉक्सला घर कुठे आहे ते कळत नसतं हो.”

त्याने हात पुसले आणि हत्यारं न उचलताच तो निघून गेला.

मला भीती वाटायला हवी होती. मला संताप आला. मी स्टिअरिंगवर मुठी आपटल्या. “अप्पा, पुरे झालं! एक डोळा घेतलात तिचा. आता तरी सोडा तिला!”

मागचं दार उघडल्याचा आवाज आला. आई उतरली आणि गाडीच्या पत्र्याला चाचपत माझ्या खिडकीशी आली. तिचा चेहरा लाल झाला होता. तिला इतकं रागावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

“अक्षरा, उतर,” ती म्हणाली. “सगळा जन्म यांच्या मर्जीने बसले आणि उठले. ऑटो बोलाव.”

मी इंजिन बंद केलं, किल्ली घेतली. आईचा हात धरून तिला फाटकाबाहेर नेलं. कोपऱ्यावरची ऑटो येऊन फाटकाच्या जरा पुढे थांबली. आई जन्मात पहिल्यांदा भाड्याच्या वाहनात बसली, तीही ताठ मानेने. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

“इंदिरानगर. डोळ्यांचा दवाखाना,” मी म्हणाले. “बेग, लवकर.”

“सरी अम्मा.”

त्याने गिअर टाकला. ऑटोचं इंजिन ओरडलं.

ऑटो जागची हलली नाही.

“नवी गाडी आहे अम्मा, कालच आणलीय,” ड्रायव्हर कन्नडमध्ये पुटपुटला. त्याने पुन्हा मूठ पिळली, मग ब्रेकवर पाय दिला. समोरचा रस्ता सपाट होता. तरीही ऑटो मागे सरकू लागली, आमच्या फाटकाकडे, अगदी हळू.

मी आईकडे वळले. “आई, घाबरू नको.”

आईने माझ्या हातातून हात सोडवून घेतला. संध्याकाळी अप्पा घरात पाऊल टाकत तेव्हा घ्यायची, तसा तिने डोक्यावरून पदर घेतला आणि मान खाली घालून ती जराशी बाजूला सरकली, शेजारी बसायला जागा करून देत.