नऊ नंबरचं मिश्रण

शिरूरच्या कॉलेजात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला इनऑरगॅनिक केमिस्ट्री घेतलेली मुलं सगळी मिळून अकरा. त्यांत तेजश्रीचा हात सगळ्यांत बसलेला. टायट्रेशनचं रीडिंग तिला कधी तिसऱ्यांदा घ्यावं लागत नसे, की साका धुताना तिचा फिल्टर पेपर फाटत नसे. म्हणून विद्यापीठाच्या प्रॅक्टिकलला आठ दिवस राहिले असताना अनुपमा मॅडमनी सरावाची मिश्रणं वाटली, तेव्हा नऊ नंबरची बाटली तिच्यापुढे ठेवली.

"जरा अवघड आहे," त्या म्हणाल्या. "पण तुला जमेल."

बाटलीत पांढरी पूड होती. तिच्यात तीन घटक, त्यांतला एक सहसा न भेटणारा धातू. कोणते ते एकेक परीक्षा करून शोधायचं. उत्तर फक्त मॅडमच्या वहीत.

सकाळचे अकरा वाजले होते. खिडकीतून हायवेवरच्या ट्रकांची घरघर येत होती. तेजश्रीनं प्लॅटिनमची तार ॲसिडात बुडवून साफ केली, टोकाला पूड घेतली आणि बर्नरच्या ज्योतीत धरली. ज्योत विटकरी लाल झाली. कॅल्शियम. सोपं होतं. मग अमोनियम मॉलिब्डेट घालून नळी कोमट केली, तर तळाशी हळदीसारखा पिवळाधमक साका बसला. फॉस्फेट. तिसऱ्याला वेळ लागला. शेवटी पेरॉक्साइडचे चार थेंब पडले आणि नळीतलं पाणी नारिंगी झालं. खात्रीसाठी तिनं चिमूटभर फ्लोराइड टाकलं. रंग गेला. म्हणजे टायटॅनियमच.

दीड वाजता तिनं कागद मॅडमपुढे ठेवला. मॅडमनी कागद पाहिला, मग आपली वही पाहिली.

"यात बेरियम, झिंक आणि झिर्कोनियम आहे, तेजश्री. फॉस्फेट तर मी घातलेलंच नाही. नळ्या नीट धुतल्या नसशील. परत कर."

तिनं परत केलं. नळ्या डिस्टिल्ड वॉटरनं तीन-तीनदा विसळल्या, ॲसिड नव्या बाटलीतलं घेतलं. तेच आलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, पुन्हा तेच. शेजारच्या टेबलावरच्या सम्राटनं तिच्याच बाटलीतली पूड नेली आणि तासाभरात बेरियम काढून दाखवलं. आठवड्यावर परीक्षा, त्यावर वर्ष अवलंबून, आणि इतक्या वर्षांचा बसलेला हात असा दगा देतोय, हे तिला सहन होईना. तिचे डोळे भरून आले.

मग अनुपमा मॅडम स्वतः ॲप्रन चढवून तिच्या टेबलाशी आल्या. तार साफ केली, बाटलीतून पूड घेतली, ज्योतीत धरली. ज्योत कच्च्या सफरचंदासारखी हिरवी झाली. बेरियम.

"बघ. आता तू धर."

मॅडमनी तार तशीच तिच्या हातात दिली. टोकाला पूड अजून शिल्लक होती. तेजश्रीनं ती ज्योतीत नेली.

ज्योत लाल झाली.

मॅडमनी तार काढून घेतली. हिरवी. परत दिली. लाल.

मॅडमनी बर्नर बंद केला. त्यांचे हात ॲप्रनच्या खिशात गेले आणि तिथंच राहिले.

"परीक्षेला हे मिश्रण मी ठेवणार नाही," त्या हळूच म्हणाल्या. "तू आज घरी जा."

पुढे परीक्षेत तिला दुसरी बाटली आली, उत्तरही बरोबर आलं. पण ते पुढे. त्या दुपारी मॅडम बाहेर गेल्यावर ती स्टुलावर तशीच बसून राहिली.

कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र म्हणजे हाड, हे बारावीच्या पोरालाही ठाऊक असतं. तेवढ्यानं ती घाबरली नव्हती. तिच्या अंगावर काटा आणला होता तो टायटॅनियमनं. तिचा भाऊ विक्रम कारेगावला खोली घेऊन कंपनीत कामाला होता. मोटारसायकलवरून पडून त्याची नडगी मोडली, तेव्हा डॉक्टरांनी आत पट्टी बसवली होती आणि सहा स्क्रू. फाइलवर धातूचं नाव लिहिलं होतं. "तुझ्या पुस्तकातलं सामान माझ्या पायात हाय बघ," असं म्हणून तो तिला चिडवायचा. दोन वर्षांपूर्वी एका मंगळवारी फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर तो गेटबाहेर पडला आणि खोलीवर पोचलाच नाही. गाडी शिक्रापूरच्या चौकात सापडली, हँडल लॉक केलेली. पोलिसांत तक्रार झाली, हॉस्पिटलं झाली, देवऋषीही झाले. त्याचा माग लागला नाही.

तिनं बाटली उघडली, थोडी पूड फिल्टर पेपरात घेतली आणि पुडी बांधली.

रविवारी ती न्हावऱ्याला गाडी बदलून आपल्या गावी, राहूला गेली. सबंध वाटेत हात पर्सवर होता. तिनं मनाशी ठरवलं होतं, आईला यातलं काही सांगायचं नाही. संध्याकाळी नदीवर जायचं, पुडी पाण्यात सोडायची, हात जोडायचे. आई अजून आशेवर होती. ती आशा एका नळीतल्या नारिंगी रंगावरून कशी काढून घ्यायची?

वडील शेवंतीचे क्रेट घेऊन मार्केटला गेले होते. मुक्ताबाई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसली होती. तिनं लेकीकडे पाहिलं, मग पर्सकडे.

"दाव," ती म्हणाली.

"काय दावू?"

"जे आनलंय ते."

तेजश्रीनं पर्स उघडली. तिनं पुडी काढून दिली. मुक्ताबाईनं ती उलगडली, चिमटीत पूड घेऊन बोटांवर चोळली आणि मान हलवली. मग उठून फळीवरच्या डब्यांमागून एक स्टीलचा डबा काढला आणि लेकीपुढे ठेवला.

डब्यात पांढरी पूड होती. निम्म्याला आलेली.

"मिठाच्या बरनीत घावतं," मुक्ताबाई म्हणाली. "कवा पिठात, कवा रांगुळीत. दसऱ्यापास्नं येचतीय."

तेजश्रीनं डबा जवळ ओढला. "आई, हे त्योच हाय, हे तुला कुनी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? न्हाऊमाखू घालून रोज पावडर लावायचे त्याला. हाताला वळख हाय."

"आप्पांना म्हाईत हाय?"

"दावलं की. त्यांच्या हाताला नुसतं मीठच लागतं." तिनं पुडीतली पूड डब्यात ओतली, कागद झटकला, आणि बोटाला लागलेलं निपटून आत टाकलं. "तुझ्या हाताला लागंल असं वाटलंच व्हतं. आता लवकर व्हईल."

"काय व्हईल?"

बाळाच्या पाठीवर फिरवावा तसा मुक्ताबाईनं डब्याच्या कडेवरून हात फिरवला.

"अजून पुरा न्हाई झाला," ती म्हणाली, आणि पुन्हा तांदळापुढे जाऊन बसली.

तेजश्रीनं झाकण उचललं. आतल्या बाजूनं ते ओलसर होतं, आणि कोमट. तिनं ते डब्यावर ठेवून दाबायला हात लावला.

"घट्ट नको लावू," सुपातून मान वर न करता आई म्हणाली. "जरा फट ऱ्हाऊ दे त्याला."