पहिला पाय

सारिका खरात कशाने गेली हे कळलं, त्या सकाळी तिचा नवरा हणमंत ओसरीच्या भिंतीला पाठ लावून शेंगा फोडत बसला होता. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. हृदयाची झडप निकामी झाली एवढंच तेव्हा दवाखान्यात सांगितलं होतं. बाई साठीची होती, त्यामुळे कोणी जास्त खोलात गेलं नव्हतं.

डॉ. तस्नीम मुजावर गाडीतून उतरल्या आणि ओसरीच्या कडेला बसल्या. गावातल्या भिंतींचे नमुने प्रयोगशाळेत न्यायला त्या अधूनमधून यायच्या, म्हणून हणमंतला नवल वाटलं नाही. त्याने शेंगांचं सूप पुढे सरकवलं. त्यांनी शेंग उचलली, पण फोडली नाही.

"काका, सारिकाकाकूंच्या झडपेचा तुकडा तपासायला ठेवायचा का, असं आम्ही विचारलं होतं. तुम्ही हो म्हणालात."

"व्हय."

"झडपेवर चुना साचला होता."

"म्हातारपणी साचतो म्हंत्यात की."

"साचतो. पण तो शरीर साचवतं, आणि त्याचे कण वेगळे दिसतात. काकूंच्या झडपेवरचे कण आणि तुमच्या या भिंतीतले कण एकच आहेत."

हणमंतने भिंतीवरची पाठ काढली. मग आपण असं का केलं याची त्याला लाज वाटली आणि त्याने पुन्हा पाठ टेकली.

सिमेंटच्या भट्ट्या बंद झाल्या तेव्हा हणमंत तरणा होता. चुनखडी भाजली की तिच्यातला कोंडलेला वायू हवेत जातो आणि हवा तापत जाते. एवढ्यासाठी सगळ्या देशांनी मिळून सिमेंट फक्त धरणांना आणि दवाखान्यांना ठेवलं. बाकीच्यांनी घरं मातीची बांधायची होती. गोणपाटाच्या पोत्यांत मुरूम-माती भरायची, विटा रचाव्यात तशी पोती रचायची, दोन थरांमध्ये पोती सरकू नयेत म्हणून काटेरी तार टाकायची आणि वरून धुम्मस मारून थर ठोकून बसवायचा. ही रीत जुनीच होती. नवा होता तो चुनजीव.

चुनजीव म्हणजे चुना करणारा जीवाणू. त्याला जनावरांचं मूत आणि चुन्याची निवळी पाजली की तो मातीच्या कणाकणाभोवती चुन्याचा पातळ थर धरतो आणि कण एकमेकांना चिकटतात. दूध विरजावं तशी माती लागते. पुढेही तो जगावा म्हणून उभ्या भिंतीला रोज थोडी निवळी पाजायची. म्हणून माणदेशातल्या बायांनी त्याला विरजणच म्हणायला सुरुवात केली. शास्त्रज्ञांनी सांगितलं होतं की प्रत्येक घराला प्रयोगशाळेतून नवं विरजण न्या. पण दह्याचं विरजण कोणी दुकानातून आणत नाही, शेजारणीकडून आणतात. गावानेही तेच केलं. नवं घर निघालं की जुन्या घराच्या भिंतीतलं एक ढेकूळ फोडून नव्या मातीत कालवायचं.

आणि थर तुडवायचा तो अनवाणी. पोत्यात कुठे पोकळ राहिलं ते टाचेला कळतं, बुटाला कळत नाही. सगळं गाव तुडवायला जमायचं, गाणी व्हायची, चहा व्हायचा. पहिला पाय मात्र सारिकाचा. सुरुवातीच्या काळात तिने ज्या दोन-तीन घरांना पहिला पाय लावला त्यांना तडा गेला नाही, आणि इतरांच्या घरांना गेला. तेव्हापासून तिला बोलावल्याशिवाय कोणी पोतं टाकत नव्हतं. तिच्या टाचांना बारमाही भेगा असायच्या. त्या भेगांत चिखल भरून ती घरी यायची आणि उंबऱ्यात बसून काडीने तो कोरून काढायची.

"मूळ चुनजीव अंगाच्या उबेला मरायचा," तस्नीम सांगत होत्या. "आम्ही तो मुद्दाम तसा केला होता, माणसाला लागू नये म्हणून. पण उन्हाळ्यात तुमच्या भिंती अंगाहून जास्त तापतात. दरवर्षी बहुतेक चुनजीव मरत गेले, आणि तग धरणारे थोडे उरले त्यांचीच पैदास झाली. त्यांतले काही काकूंच्या भेगांत गेले. तिथे ऊब होती, रक्त होतं. तिथे ते आणखी चिवट झाले, आणि काकू पुढच्या घरी तुडवायला गेल्या."

"म्हणून ती घरं टिकली."

"हो. त्या घरांत हा चिवट चुनजीव आहे. बाकीच्या घरांत मूळचा आहे, तो थकत चाललाय."

हणमंत शेंगांची टरफलं गोळा करायला लागला. ती मुठीत धरून म्हणाला, "म्हंजी पायगुण व्हता खरं तिचा."

तस्नीमनी हातातली शेंग खाली ठेवली. त्यांनी पुढचं सांगितलं. हा चुनजीव असलेली घरं आम्लाच्या पाण्याने धुवावी लागतील. आम्ल त्याला मारेल, पण त्याने धरलेला चुनाही विरघळवेल. धुतलेलं घर दोन पावसाळे काढेल, मग ते उतरवून नव्याने बांधावं लागेल. गावातल्या सगळ्यांचं रक्त तपासावं लागेल. वेळेत सापडलं तर औषध आहे.

"कुणाकडून आलं हे सांगायची गरज नाही, काका. आम्ही नाव घेणार नाही."

"बाई, कुठली घरं धुवायची ते सांगशीला न्हवं? मग नाव घ्यायचं काय उरलं?"

दुसऱ्या दिवशी आनंदा ढोल्याच्या नव्या घराचा पहिला थर होता. आनंदा आणि हणमंत लहानपणापासूनचे सोबती. आनंदाचा थोरला लेक राहायचा ते पहिल्या पायाच्या आधीचं घर मागच्या पावसात खचलं होतं आणि ते सगळे आनंदाच्या पडवीत राहत होते. विरजणासाठी हणमंतच्या मागच्या भिंतीतलं ढेकूळ आणायचं ठरलं होतं. ती भिंत त्याने आणि सारिकाने दोघांनीच तुडवली होती. तेव्हा पहिला पाय वगैरे काही नव्हतं, तिसरं माणूसही नव्हतं.

हणमंत पोचला तेव्हा पाया खणून तयार होता. पोती भरून ठेवली होती.

"आलं पाव्हणं," आनंदा म्हणाला. "घमेलं रिकामंच? ढेकूळ काय पानसुपारी दिऊन आणायचं का?"

"भिंत फोडू वाटंना."

आनंदाची बायको कमल हलक्या आवाजात म्हणाली, "ऱ्हाऊ द्या भावजी. आमी समजतो."

"मग काय अडलंय?" आनंदा म्हणाला. "आमच्या ऱ्हात्या घराची भिंत हाय की. तीबी वयनीच्याच पायाची. आमच्या आईनं त्या भिंतीला डोकं टेकूनच पराण सोडला." त्याने लेकाला हाक मारून पहार आणायला लावली.

लेकाने ढेकूळ आणलं. कमलने ते निवळीत कालवलं. गढूळ पाणी पहिल्या पोत्यांवर ओतलं गेलं. आता पहिला पाय पल्लवीचा होता. पल्लवी म्हणजे आनंदाची धाकटी सून. लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

"सारिकाकाकीसारखा लागू दे बाई पाय," कोणीतरी म्हणालं.

"न्हाई लागला तर सासूला दोष द्या," पल्लवी म्हणाली. "तिनंच पसंत केलीय." बाया हसल्या. तिने चप्पल काढली. दिवसभर रानात पाणी धरणारीच्या असाव्यात तशा भेगाळलेल्या तिच्या टाचा होत्या.

"थांब पोरी," हणमंत म्हणाला.

ती एक पाय उचलून तशीच उभी राहिली.

"चप्पल घाल. त्या पाण्यात कुणी पाय घालू नका." मग त्याने सांगितलं. तस्नीमनी सांगितलं होतं ते सगळं, त्याच क्रमाने. मधे तो कुठे थांबला नाही, आणि जिथे नाव टाळता आलं असतं तिथेही त्याने ते टाळलं नाही. सारिकाच्या टाचेतून, असंच म्हणाला.

कमलने आपले ओले हात पदराला पुसले, मग पदराकडे पाहिलं आणि तो हातात लांब धरून उभी राहिली.

"आमच्या आईचंबी हृदयच गेलं," आनंदा म्हणाला.

"व्हय."

"तुला कवा कळलं?"

"काल."

"आन् आज घमेलं घिऊन आलास."

"रिकामं आणलं, आनंदा."

"आन् खोटं बोललास." आनंदाने पहार उचलली आणि पोत्यांच्या पलीकडे नेऊन ठेवली. तो ती रागाने उचलतो आहे की नुसती बाजूला करतो आहे, हे हणमंतला कळलं नाही. त्यानंतर आनंदा त्याच्याशी कामापुरतंच बोलला.

तस्नीमची माणसं आली. रक्तं घेतली. आनंदाच्या लेकाच्या रक्तात चुनजीव निघाला, कमलच्या निघाला, आणखी काहींच्या निघाला. औषधं सुरू झाली. पल्लवीचं रक्त स्वच्छ होतं. मग आम्लाच्या टाक्या आल्या आणि धुणं सुरू झालं. ज्यांच्या घरांना तडे होते त्यांनी इतरांना आपल्याकडे राहायला घेतलं. वर्षानुवर्षं तडे बुजवून कंटाळलेली ती माणसं आता त्याच तड्यांकडे बोट दाखवून सांगत होती, की आमचं घर चांगलं आहे.

'पाय लागलेलं घर' हा शब्द गावात राहिला. आधी तो सोयरिकीच्या वेळी मोठेपणाने सांगत. आता पोरांना बजावत, की त्या पाय लागलेल्या घराकडे खेळायला जाऊ नका. सारिकाचं नाव मात्र कोणी घेत नव्हतं. काही चांगल्या मनाने घेत नव्हते. एके दिवशी कमलने भाकरी आणून दिल्या. उंबऱ्याच्या आत आली नाही, बाहेरूनच म्हणाली, "भावजी, तिला काय ठावं व्हतं." हणमंतने भाकरी घेतल्या.

तस्नीम शेवटी त्याच्याकडे आल्या तेव्हा बाकीची घरं आटोपली होती. त्यांनी मागची भिंत दिव्याने पाहिली, नळीत नमुना घेतला आणि गाडीतल्या यंत्रावर तपासून आणला.

"काय हाय?"

"सगळीकडे जो आहे तो इथूनच निघालेला दिसतोय," त्या म्हणाल्या. "सगळ्यांत जुना. काका, दुसरं एक सांगायला हवं. काकूंच्या रक्तातून त्यांच्या जनुकांतलं काही या जीवाणूने उचललंय. थोडंसंच. पण ते त्याच्या पेशीत आहे, आणि त्याच्या प्रत्येक पिल्लात उतरतं."

"म्हंजी ती हाय म्हणायचं का हितं?"

"नाही काका. असं नाही म्हणता येत."

"मग कसं म्हणायचं?"

तस्नीमनी नळीला बूच लावलं. त्यांनी फक्त विचारलं, की त्याचं रक्त अजून का दिलं नाही. तो म्हणाला, देतो. टाकी कधी आणू, त्यांनी विचारलं. तो म्हणाला, सांगतो.

गाडी गेल्यावर त्याने मागच्या भिंतीला रोजच्यासारखी निवळी पाजली. मग आपण काय केलं ते त्याच्या ध्यानात आलं आणि बादली हातात घेऊन तो तिथेच बसला.

पाय लागलेली सगळी घरं धुऊन झाली आहेत. हणमंत खराताचं राहिलं आहे.