चौथं फूल

कमलबाई रोज सकाळी सर्व्हर रूम झाडून झाली की प्रत्येक मशीनवर कण्हेरीचं एक फूल ठेवते. जिंतूर रोडवरच्या आमच्या दवाखान्यात मशीन तीन आहेत. फुलं चार असतात. चौथं कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीवर. तिथं माझ्याआधीचे गोविंदराव बसायचे. एकदा मी वैतागून म्हणालो, "मावशी, तो माणूस पिंगळीला मजेत राहायलाय. त्याला कशाला फूल?"

"ऱ्हाऊ द्या की सायेब. पाय वर घ्या." झाडताना हे तिचं रोजचं वाक्य.

त्या रविवारी मला बाराच्या आत पोखर्णीला पोचायचं होतं. नरसिंहाच्या देवळात माझ्या पोरीचं, भक्तीचं जावळ होतं. निवेदिता आणि तिचा भाऊ आदिनाथ पोरीला घेऊन पुढं गेले. निघताना निवेदिता म्हणाली, "बारशाला तुमी नव्हता. आज वरद नाही आला असं कुणी म्हणायला नको." खरंच होतं ते. भक्ती रडायला लागली की माझ्याशिवाय कुणाच्या बापाला ऐकत नाही. मामाच्या मांडीवर बसेल, पण वस्तरा बघून किंचाळणार, आणि मी समोर पाहिजेच.

काम दोन तासांचं होतं. एक मशीन जुनं, दोन नवी. तिघांनी मिळून एकच ओझं वाहायचं. एक बंद पडलं तर पेशंटच्या नोंदी चालू अवस्थेतच दुसऱ्यावर गेल्या पाहिजेत. अडचण प्रोसेसरची. नव्याला जे कळतं ते सगळं जुन्याला कळत नाही, आणि चालतं काम तिकडं हलवलं की कोसळतं. मग नव्यालाच खाली आणायचं. जुन्याला जे येत नाही ते नव्यानंही लपवायचं. सगळी एका पातळीला आली की काम कुठंही हलवा, त्या कामाला स्वतःलाही पत्ता लागत नाही. हलवलं की तिकडं नवी प्रत चालू होते, पण इकडची मूळ प्रत लगेच पुसायची नाही, ही आमच्याकडची पद्धत. गोविंदरावांनी लावलेली.

पातळी खाली आणली, नोंदी हलवून बघितल्या. नकार आला. पातळी अजून जास्त आहे म्हणे. मी यादी उघडली. यादीत चार मशीन होती. चौथ्याला नाव नव्हतं, प्रोसेसरचा रकाना कोरा होता. पुढं लिहिलं होतं : चालू.

जुनी नोंद राहिली असेल. पुसली. परत आली.

मी गोविंदरावांना फोन लावला. मागच्या वर्षी त्यांनी हेच काम करून दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला होता.

"वरदराव, त्या खोलीचं मला काहीच आठवत न्हाई बघा," ते खुशीत बोलत होते. "त्या दिवशी दुपारी घरी आलो, तिथून पुढचं सगळं आठवतंय. लय बरं चाललंय."

म्हातारा कामाचा नाही. मग कोऱ्या रकान्याच्या हिशेबानं मी पातळी आणखी एक पायरी उतरवली. घड्याळात साडेनऊ झाले होते.

कमलबाईनं चहा आणला. पाण्यासारखा लागला. "मावशी, साखर?"

"तीन चमचे हाय की." ती माझ्याकडं बघत उभी राहिली. मग म्हणाली, "सायेब, घरी जावा. ते बी असंच चहाला नावं ठेवायले होते."

"कोण?"

तिनं खुर्चीकडं बघितलं आणि कप उचलून गेली.

पुन्हा नकार. आणखी एक पायरी. मशीनच्या मागं तार बघायला हात घातला. तिथून निघणारी हवा एरवी चटका देते. आज काहीच लागलं नाही. हात बाहेर काढला तर कातडी लाल झाली होती. पंख्यांचा आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा येत होता. अशक्तपणा असेल, रात्री जेवलो नव्हतो. घाबरायला पाहिजे होतं, हे कळत होतं. भीती काही येत नव्हती.

निवेदितानं फोटो पाठवला होता. भरपूर जावळ असलेली एक पोर, कपाळाला कुंकू. गोड होती. कुणाची, हे आठवायला मला वेळ लागला.

तरीही मी शेवटची पायरी उतरवली. काम अर्धवट टाकून निघायची मला सवयच नाही.

या वेळी सगळं हललं. नोंदी गेल्या, आल्या, कुठं खंड नाही. हलवलेल्या कामांच्या यादीत सर्वांत खाली एक असं होतं, जे मी हलवलेलं नव्हतं. वेळ अकरा वाजून चार मिनिटं. नाव नाही. पुढं शेरा : पूर्ण. मूळ प्रत ठेवली आहे.

उठून निघावं असं मनात आलं. पाय उठले नाहीत. मी निवेदिताला फोन लावला. बारा वाजायला आले होते.

"हॅलो? कोण बोलायलंय?" मागं घंटा वाजत होती, भक्तीचं रडणं ऐकू येत होतं.

"निवेदिता, मी. मला उशीर होतोय."

ती फोन बाजूला धरून कुणाला तरी म्हणाली, "अहो, तुमचा फोन दवाखान्यातच राहिला वाटतं. कुणीतरी बोलायलंय त्याच्यावरून."

"असू दे, नंतर घेतो," माणूस म्हणाला. मग पोरीला म्हणाला, "झालं, झालं, माझी बाई. बाबा हाय ना इथं."

भक्ती गप्प झाली.

तो आवाज माझा होता. मला रडू यायला पाहिजे होतं. फोन तिकडून बंद झाला.

किती वेळ गेला कळलं नाही. एकदा तो माझ्याच आवाजाचा माणूस आला, मशीनवर ठेवलेला फोन घेऊन गेला. कानामागं भक्तीचा एक केस चिकटला होता त्याच्या.

सकाळी कमलबाई झाडायला आली. माझ्या स्टुलाखालून झाडू फिरवला. पाय वर घ्या म्हणाली नाही. तीन मशीनवर तीन फुलं ठेवली, चौथं वेताच्या खुर्चीवर. मग पदराच्या गाठीतून आणखी एक काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.