नाबुआकाची वाट

मारेवे भर दुपारी, ओहोटीला, नाबुआकाला घेऊन प्रवाळाच्या खडकावर निघाली, तेव्हा तिच्या हातात शिंपल्यांची टोपली होती आणि कपाळावर आठी. उद्या तिच्या नवऱ्याची, इओतेबाची, नवी होडी पाण्यात उतरणार होती. नव्या होडीचं सुकाणू पहिल्या दिवशी बेटावरच्या सर्वांत वडील माणसाने धरायचं, ही तिथली रीत. आणि सर्वांत वडील म्हणजे नाबुआका.

तो मरत नसे. मारेवेच्या आजीच्या आजीनेही त्याला मासे वाढले होते, आणि गावाला आता त्याचं नवल उरलं नव्हतं. बाहेरच्या समुद्रात जायची जुनी वाट दोन केवड्यांच्या समोरून होती. ते केवडे मारेवेच्या जन्माआधीच समुद्राने नेले होते. मागच्या वादळाने तर त्या वाटेत खोपटाएवढे दगड आणून टाकले. नाबुआका तरी होडी तिथूनच घाली. तीन होड्या फुटल्या, सात माणसं गेली. हा तेवढा दर वेळी तळावरून चालत घरी आला आणि निथळत्या केसांनी माडी मागून प्यायला. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं आपण म्हणतो. इथे पुढच्याला ठेच लागतच नव्हती, आणि मागच्यांना शहाणं व्हायला आयुष्य पुरत नव्हतं. पण सभाघरात म्हाताऱ्याला उलट बोलायची कुणाची छाती नव्हती.

"या जुन्या वाटेत पाय ठेवा आबा. दगड लागला?"

"लागला गं."

"मग इथे वाट आहे का?"

"नाही बुवा."

"वाट कुठे?"

"होडीतून बघताना चर्चचं पांढरं छप्पर पाण्याच्या फुटक्या टाकीच्या बरोबर वर आलं, की तिथून."

मारेवेने त्याच्याकडून हे नऊ वेळा वदवून घेतलं. एकदाही चुकला नाही. तिला जरा हायसं वाटलं. परत फिरताना मात्र तो उघड्याबोडक्या वाळूकडे बघून थांबला.

"यंदा केवडे काय फुललेत…"

वाळूवर काडीसुद्धा नव्हती. पण वारा आला आणि त्या भर उन्हात मारेवेला केवड्याचा वास आला. गोड, ओला, नाकात बसणारा. तिच्या अंगावर काटा आला. मग तिला रागच आला.

"आबा, शेकडो वर्षं डोकं कशासाठी वागवताय हो खांद्यावर?"

"खरंय पोरी," तो गोड हसला.

संध्याकाळी ती चुलीपाशी माडी आटवून काकवी करत होती. इओतेबाने नारळाची सोडणं हाताला लावून भांडं उतरवलं. लग्नाच्या वर्षी एकदा त्याचा हात भाजला होता, त्यानंतर कधीच नाही. त्याला कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा सांगावी लागत नसे, आणि मारेवेला त्याचं हेच फार आवडायचं.

"उद्या जाऊ नकोस रे."

"सहा महिने होडी घडवतोय. सभाघरात काय सांगू? बायको रुसली?"

"सांग. खुशाल सांग."

"तू त्याला शिकवलंस ना? आणि मी आहे की होडीत. भलतीकडे वळला तर मीच सुकाणू ओढीन."

सकाळी सगळं बेट किनाऱ्यावर जमलं. "आबा, वाट कुठली?" मारेवे ओरडली.

"छप्पर टाकीवर!" नाबुआका होडीतून ओरडला. लोक हसले.

होडी सरळ निघाली. छप्पर टाकीवर येणार एवढ्यात तिचं तोंड हळूच वळलं, त्या उघड्या वाळूसमोरच्या पाण्याकडे. येरे माझ्या मागल्या! मारेवे घसा फुटेस्तोवर ओरडत गुडघाभर पाण्यात धावली. इओतेबा उठून सुकाणूकडे झेपावताना तिला दिसला. मग पांढरी लाट उठली. लाकूड मोडल्याचा आवाज किनाऱ्यावर यायला थोडा वेळ लागला.

दुपारी पाण्यातून चालत माणसं आली. या वेळी दोन.

मारेवे नवऱ्याला बिलगली, रडली, त्याच्या पाठीत बुक्के मारले. तो हसत होता. अंग गारढोण होतं. तिने त्याला ओढतच घरी नेऊन चुलीपाशी बसवलं आणि कालची काकवी पुन्हा चुलीवर चढवली. नाबुआकाही मागोमाग येऊन माडीची करवंटी घेऊन टेकला.

"कुठून गेलात रे… वाट तर बंद आहे…" मारेवेने विचारलं.

"जिथून जातात तिथून," इओतेबा म्हणाला. "केवड्यांसमोरून."

ते केवडे त्याने जन्मात पाहिले नव्हते. इओतेबाने हात लांब करून उकळत्या काकवीचं भांडं उघड्या हाताने धरलं. चर्र आवाज झाला.

"अरे, गरम आहे!" तो नवलाने म्हणाला आणि हसला.

तिने हात उलटून पाहिला. फोड नव्हता, लालीसुद्धा नव्हती. तिने सोडणं त्याच्या मुठीत कोंबली. "याने धर. कळलं?"

"कळलं." त्याने मान डोलावली, सोडणं नीट खाली ठेवली आणि भांडं उघड्या हाताने धरलं.

"अरे, गरम आहे!"

तेच नवल. तेच हसू.

"सांगत राहा पोरी," नाबुआका करवंटी तोंडाला लावत म्हणाला. "शिकेल. घाई काय आहे…"

इओतेबाचा हात तिसऱ्यांदा भांड्याकडे गेला, चर्र झालं, आणि भाजल्या कातडीच्या वासाऐवजी घरभर केवड्याचा वास सुटला.