मूठभर मीठ

उरणची मिठागरं समुद्राने गिळली, पाठोपाठ गावंही. मग माणसांनी मेल्यावर समुद्रातच गाव वसवायला घेतलं. माणसाची राख एकाच मापाच्या पोकळ काचेच्या गोळ्यात भरायची, वजन नेमकं वीस किलो करायचं आणि गोळा खोल समुद्रात सोडायचा. कोमट पाणी फुगून हलकं होतं, गार पाणी जड. मीठ त्याला आणखी जड करतं आणि वरच्या पाण्याचा दाब खालच्याला आवळतो. म्हणून समुद्र जितका खोल तितका घन. गोळ्याइतकंच घन पाणी लागलं, की गोळा तिथेच थांबतो, हजारो वर्षं. तो त्याचा समभार थर. नऊशे मीटरवरच्या थरात सगळं उरण होतं.

दर्शनाकाकी स्वतःचा गोळा नोंदवायला आल्या, तेव्हा त्यांचं एकच मागणं होतं: नवऱ्याच्या, हरेशच्या शेजारी. त्याला जाऊन बावीस वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. बोलायला भिंती, आणि भिंती काही हुंकार देत नाहीत. गोळे सोडणारी समुद्रशास्त्रज्ञ डॉ. मुग्धा म्हणाली, वजन सारखं ठेवलं की थर तोच, काळजी नको.

तेव्हा काकींनी खाली बघत सांगितलं, की वजन झाल्यावर, झाकण लावण्याआधी हरेशच्या गोळ्यात त्यांनी गुपचूप मूठभर मीठ टाकलं होतं.

"का, काकी?"

"आगरान खारा पानी मानसाला वर उचलतं, बाय. मना वाटला, मीठ संगती असला तं तो बुरनार नाय."

मीठ बाहेरच्या पाण्यात असलं तर उचलतं. आत असलं तर नुसतं ओझं. दहा ग्रॅमला गोळा शंभरेक मीटर खाली जातो, हे मुग्धाने शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं. म्हणजे बावीस वर्षं हरेश गावातही नव्हता. भलत्याच काळोखात एकटा होता, तोही बायकोच्या मायेपायी.

"मंग माझेतबी तवराच घाल," काकी म्हणाल्या.

तराजू आला. काकींची मूठ भरली एकेचाळीस ग्रॅम, मग अडतीस, मग चव्वेचाळीस. सुरकुतलेल्या हाताकडे त्या बघत राहिल्या. मिठागरात राबणारा तेव्हाचा हात आता कुठून आणायचा?

"तू भर. तुझेच वयाची व्हते मी."

मुग्धाची मूठ त्रेसष्ट भरली. काकी निवांत झाल्या, चहा मागितला.

मुग्धाने आकडा लिहिला. चार-पाच ग्रॅम इकडेतिकडे होणारच, म्हणजे चाळीस-पन्नास मीटर. एवढ्या अंतरावरून दोघं हजारो वर्षं, एक वर आणि एक खाली, वाहत राहणार, आणि थर बदलायची सोय नाही. तिला फार वाईट वाटलं.

"आता गाठ परंल ना?" काकींनी बशी खाली ठेवत विचारलं.

मुग्धा हो म्हणाली.