बाराव्या होलवरचं बाक

चाळीस वर्षं मी या गोल्फच्या मैदानावर लोकांच्या बॅगा वाहतो. शाळा चौथीत सुटली, पण इथली प्रत्येक उतरण माझ्या पायांना पाठ आहे. समुद्र झाडांपलीकडे, दिसत नाही, नुसता ऐकू येतो. सुट्टीला आलेली माणसं किनाऱ्यावरच्या हॉटेलात उतरतात आणि सकाळी इथे खेळायला येतात.

त्या सकाळी बाई एकट्याच आल्या. मागच्या वर्षी त्यांचे यजमान, आमचे साहेब, एकटे खेळायला यायचे, बाई हॉटेलात थांबायच्या. बाराव्या होलवर साहेब कोसळले आणि तिथेच गेले, तेव्हा त्यांची बॅग माझ्याच खांद्यावर होती.

"काका, त्यांचा राहिलेला खेळ पुरा करायचाय," बाई म्हणाल्या. "बॅग त्यांचीच आहे. जड वाटली तर सांगा."

"जड वाटायला मी म्हातारा झालो का?"

"छे. टोपी उलटी घातलीय, एवढंच."

दव इतकं होतं की गवत पांढरं दिसत होतं. पाऊल पडलं की हिरवा ठसा उठे. पाचव्या होलपासून धुक्यात आमच्या मागे एक माणूस दिसू लागला. आम्ही थांबलो की तोही थांबे.

"त्यांना पुढे जाऊ द्या ना," बाई म्हणाल्या.

खेळातली रीतच आहे. मागचा एकटा असेल तर हात करून त्याला वाट द्यायची, आणि त्यानं पुढे निघून जायचं. मी हात केला. तो हलला नाही. आठव्यावर केला, दहाव्यावर केला. उभाच.

"ओळखीचे आहेत का कोणी?" बाईंनी विचारलं.

"नाही."

मग मी मागे बघणं सोडलं. तो उभा असताना त्याचा एक हात छातीवर होता.

बाराव्या होलच्या कडेला लाकडी बाक आहे. तिथे बाई थांबल्या.

"खरं सांगा काका... शेवटी ते काही बोलले?"

"तेव्हाच सांगितलं की. चालता चालता पडले. बोलले काही नाहीत."

मागे फटक्याचा आवाज झाला. एक चेंडू आमच्या दोघांच्या मधून घरंगळत गेला, दवावर रेघ ओढत, आणि भोकात पडला. बाईंनी वाकून तो काढला. त्यावर निळ्या शाईचे दोन ठिपके होते.

"ही त्यांच्या चेंडूंवरची खूण," त्या हळूच म्हणाल्या.

मी खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

"ते म्हणाले होते... जरा बाकावर बसू. मागे माणसं खोळंबली होती. माझ्यामुळे मागचे खोळंबले, असं कधी झालं नव्हतं बाई. मी म्हटलं, चला साहेब, दोन पावलं राहिलीत."

बाईंनी चेंडू मुठीत धरला.

"बसा," त्या म्हणाल्या.

"मी उभा बरा आहे."

"बसा, काका. तेवढंच मागितलं होतं त्यांनी."

मी वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. दवावर आम्हा दोघांचेच ठसे होते. बाक ओलंचिंब होतं. मधे मात्र एका माणसापुरती जागा कोरडी. हात ठेवला तर ऊबदार.

ती सोडून आम्ही दोन टोकांना बसलो.

त्या दिवसानंतर बाई परत आल्या नाहीत. मी रोज पहाटे जातो. कितीही दव पडो, बाकाची मधली जागा कोरडी असते. गेल्या आठवड्यापासून दोन असतात. दुसरी माझ्या टोकाची.