जिन्याखालची भिंत

नर्स दारात आली तेव्हा तिच्या अंगावर इस्पितळाचा गणवेश होता आणि बुटांवर पडलेल्या गिलाव्याची धूळ होती.

"बसा," वहिनी म्हणाल्या. "आणि पहिल्यापासून सांगा. भाऊजी, वही घ्या."

वहिनींनी वीस वर्षं विमा कंपनीत काढली होती. जळालेली दुकानं, बुडालेल्या बोटी, कोसळलेली छपरं पाहायची आणि खरं-खोटं ठरवायचं. ती नोकरी सोडून त्यांनी स्वतःचं तपासाचं काम सुरू केलं. त्यांचे धाकटे दीर मदतीला आले. दीर वहिनी म्हणतात म्हणून सगळं शहर त्यांना वहिनी म्हणू लागलं. भाऊजी बस डेपोत वेळापत्रकं करून निवृत्त झालेले. लिहून घ्यायला अगदी पक्के, पण लिहिलेल्याचा अर्थ लावताना त्यांची गाडी हमखास उशिरा सुटायची.

नर्सने सांगितलं ते असं. आयुष्य भाड्याच्या खोलीत गेलेलं. तळ्याकाठचं एक जुनं, मोडकळीला आलेलं घर परवडेल अशा किमतीत मिळत होतं. तिचे वडील गवंडी. ते घर पाहून आले आणि म्हणाले, घे, भक्कम आहे, बाकीचं मी करतो. तीन आठवडे ते एकटेच खपत होते. परवा त्यांनी जिन्याखालची भिंत फोडायला घेतली आणि आतून माणसाची हाडं निघाली.

"बोटात अंगठी होती. घर विकणाऱ्याने ती ओळखली. त्याच्या बायकोची. बावीस वर्षांपूर्वी ती तान्ही मुलगी टाकून निघून गेली, असंच सगळे समजत होते."

"मग तुमच्या वडिलांना का धरलं?"

"त्यांनीच धरून दिलं स्वतःला." तिचा आवाज फाटला. "ते घर त्यांनीच बांधलेलं, तीसेक वर्षांपूर्वी. आणि जिन्याखालची जागाही त्यांनीच बंद केली, ती बाई गेली त्याच महिन्यात. इन्स्पेक्टरने विचारलं, ही भिंत कोणाची? बाबा छाती काढून म्हणाले, या घराची प्रत्येक भिंत माझ्या हातची आहे! उद्या दुपारी त्यांना कोर्टात उभं करणार. सत्तरी उलटलीय हो त्यांची. आत गेले तर जिवंत बाहेर यायचे नाहीत."

"आपल्याच पायावर धोंडा," भाऊजी पुटपुटले आणि वहिनींची नजर दिसताच वहीत डोकं घालून बसले.

*

घराकडे जाणारा रस्ता तळ्याच्या कडेने होता. वळणावर एक गंजलेली पाटी होती: वाळू काढण्यास सक्त मनाई.

"किती जुनी असेल ही?" वहिनींनी विचारलं.

"अठरा वर्षं," भाऊजी लगेच म्हणाले. तारखांच्या बाबतीत त्यांना तोड नव्हती. "ही लागली आणि आमच्या डेपोची भिंत अर्धी राहिली. शेवटी खाणीतला दगडाचा कच आणून पुरी केली. तेव्हापासून गावात सगळं काम कचातच."

घरात ओलीचा वास होता. वहिनींनी पर्समधून खिळा काढला आणि बाहेरच्या खोलीचा गिलावा खरवडला. वाळूबरोबर तांदळाएवढे शंख आणि शिंपल्यांचे कपचे तळहातावर पडले. स्वयंपाकघरातही तेच, माडीवरही तेच. जिन्याखाली मात्र करडी, टोचणारी भुकटी निघाली. त्यांनी गिलाव्याचा एक तुकडा रुमालात बांधला.

भिंतीचे खालचे तीन थर अजून शाबूत होते. विटा आडव्या नव्हत्या, कडेवर उभ्या लावलेल्या होत्या. दोन विटांमधला सांधा बोटाने ओढून बुजवलेला दिसत होता. वहिनींनी त्या खाचेत आपलं बोट ठेवलं. नेमकं बसलं.

"नाजूक हात आहे," त्या म्हणाल्या.

"गवंड्याचा?" भाऊजींनी विचारलं.

इन्स्पेक्टर तिथेच होता. त्याने कंटाळतच माहिती दिली. कवटी मागून फुटलेली होती. "पेपरवाल्यांना फक्त अंगठी सांगितली. तिच्याजवळ एक चष्माही सापडला, एक काच तडकलेला. तो मी अजून कोणापुढे काढलेला नाही. तुम्हीही काढू नका."

"चष्मा तिचाच?"

"मग काय माझा?" इन्स्पेक्टर म्हणाला.

*

कोठडीत म्हातारा गवंडी बाकावर ताठ बसला होता.

"बाबा," नर्स म्हणाली.

त्याने मान वळवली आणि भाऊजींकडे बघून हसला. "आलीस का? जेवलीस?"

शिपायाने पाण्याचा पेला टेबलावर ठेवला. म्हाताऱ्याचा हात पेल्याच्या बाजूने पुढे गेला, मग टेबलाच्या कडेकडेने मागे येऊन पेल्याला लागला.

"भिंत फोडताना गिलावा पाहिलात?" वहिनींनी विचारलं.

"पाहिला की. माझाच गिलावा."

"रंग कसा होता?"

"पंचेचाळीस वर्षं थापी धरलीय या हातात!" म्हातारा उसळला. "मला भिंत शिकवायला आलात?"

वहिनींनी पुढे काही विचारलं नाही. 

*

घर विकणारा, म्हणजे त्या बाईचा नवरा, बोटीच्या धक्क्यावर तिकिटं देत होता. आधी अनेक वर्षं तो बोटीवरच होता.

"चूक माझी होती," तो आपणहूनच म्हणाला. "तेव्हा प्यायचो. एकदा हात उचलला. दुसऱ्या दिवशी ती गेली." त्याने पाकिटातून फोटो काढला. खिडकीत बसलेली, मोकळ्या चेहऱ्याची बाई होती. "याच खिडकीतून पलीकडच्या काठाची बोट बघून सांगायची, माझी आहे की दुसऱ्याची. अशी नजर होती तिची."

"मुलगी?"

"ताईने वाढवली. माझी थोरली बहीण, तेव्हा आमच्याकडेच राहायची. ती नसती तर पोरीचं काही खरं नव्हतं. पोर शाळेत जायला लागली त्या वर्षी मी बोट दुरुस्तीला घेऊन महिनाभर पलीकडे होतो. परत आलो तर ताईने एकटीने सगळं घर आतून रंगवून ठेवलेलं."

"घर विकताना त्यांना विचारलंत?"

"नाही. तिथेच चुकलं. दोन महिने माझ्याशी बोलत नव्हती."

*

ताईंची बेकरी बाजारात होती. गल्ल्यावर तेवीस वर्षांची भाची, आत भट्टीपाशी ताई. भट्टीचं तोंड नुकतंच नव्याने बांधलेलं होतं. विटा कडेवर उभ्या, सांधे अगदी बारीक.

"छान बांधलीय," वहिनी म्हणाल्या. "गवंडी कोण?"

"गवंडी कशाला लागतो?" ताईंनी पदराला हात पुसले. "दर वर्षी फुटते, दर वर्षी मीच लावते. तीस वर्षं झाली. माझ्या हातची आहे, म्हणून तर वर्षभर टिकते."

"तुमच्या भावजयीला शेवटचं कधी पाहिलंत?"

"गेली त्या दिवशी सकाळी. त्यानंतर तोंड दाखवलं नाही तिने."

"कशी होती हो?"

"होती आपली. चष्म्याआडून अशी बघायची, जसं काही आपणच तिचे नोकर." ताईंनी पावांचा ट्रे जोरात ओढला. "मेलेल्याबद्दल बोलू नये म्हणतात. पण पोर टाकून जाणारीला मी आई म्हणत नाही."

बाहेर पडताना वहिनींनी भाचीला विचारलं, "आईचं काही आठवतं?"

"काही नाही. तिने मागे वळून बघितलं नाही, एवढंच माहीत आहे." ती हसली, पण डोळे हसले नाहीत. "आत्याच माझी आई."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी सगळ्यांना त्या घरात बोलावलं. इन्स्पेक्टर गवंड्यालाही घेऊन आला. ताई भाचीचा हात धरून उभ्या होत्या.

वहिनींनी रुमालातला तुकडा म्हाताऱ्याच्या हातात दिला. "बघून नाही, बोटांनी सांगा. हा गिलावा कोणाचा?"

म्हाताऱ्याने अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा. त्याचा चेहरा उतरला. "हा माझा नाही. यात तळ्याची वाळू नाही, शंख नाही. हा कच आहे."

"कच या गावात आला अठरा वर्षांपूर्वी," वहिनी म्हणाल्या. "यांनी ही जागा बंद केली ती बावीस वर्षांपूर्वी. म्हणजे यांची भिंत मध्येच कोणीतरी पाडली आणि त्याच विटांनी दुसरी उभी केली. आत ठेवलेली बाई बावीस वर्षांपूर्वी मेलेली नाही. ती इथून जिवंत गेली आणि पुढे परत आली."

"पण यानेच तर सांगितलं, माझी भिंत म्हणून!" इन्स्पेक्टर म्हणाला.

"त्यांना दिसलीच नाही ती. मोतीबिंदू आहे. काल आवाज मुलीचा होता आणि ते हसले भाऊजींकडे बघून. घर घेताना 'भक्कम आहे, घे' म्हणाले होते. आता दिसत नव्हतं हे मुलीपुढे कसं कबूल करणार? त्यापेक्षा भिंत माझी म्हणणं सोपं."

नर्सने बापाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

"परत आली कशावरून?" नवऱ्याने विचारलं.

इन्स्पेक्टरने चष्मा टेबलावर ठेवला.

"हा तिचा नाही," नवरा म्हणाला. "तिला चष्मा नव्हता."

"इथे होती तोवर नव्हता, नंतर लागला. तुम्हाला तो माहीतच नाही. इन्स्पेक्टरांनी तो कोणाला दाखवला नव्हता." वहिनी वळल्या. "ताई, गेली त्या दिवसानंतर तुम्ही तिला पाहिलं नाही म्हणता. मग चष्म्याआडून तुमच्याकडे बघितलं कोणी?"

ताईंनी भाचीचा हात आणखी घट्ट धरला.

"कडेवर उभ्या विटा कोणी गवंडी अशा भिंतीला लावत नाही. भट्टीला लावतात. आणि सांधा बोटाने ओढलेला, थापीने नाही. पोर शाळेत जायला लागली, भाऊ महिनाभर पलीकडे गेला. आल्यावर त्याला सगळं घर रंगवलेलं दिसलं. एकच भिंत नवी दिसू नये म्हणून."

भाऊजींनी वहीची मागची पानं उलटली. शंख, पाटी, भट्टी, चष्मा, सगळं तिथे होतं. त्यांनी पेन खिशात ठेवलं.

भाचीने हात सोडवून घेतला. "आत्या?"

"चार वर्षं मी जागले तुझ्यासाठी," ताई तिलाच सांगत होत्या, बाकी कोणी तिथे नसल्यासारख्या. "गोवर निघाला, दात आले, पहिल्यांदा शाळेत सोडलं. आणि ती उभी राहिली दारात. म्हणे नोकरी लागलीय, खोली घेतलीय, पोरीचे कपडे बांधून द्या. ठेवायला दिलेलं सामान मागावं तसं! माडीवर तुझे कपडे घ्यायला निघाली. मी जिन्यात आडवी गेले. तिला मागे लोटलं. एकदाच लोटलं गं."



"ती मला न्यायला आली होती?" भाचीने विचारलं.

ताईंनी तोंड पदरात लपवलं.

"आणि तू मला रोज सांगायचीस, तिने मागे वळून बघितलं नाही." पोरीचा आवाज चढला नाही, पण भाऊजींना तो ऐकवेना. ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

*

म्हातारा त्याच दुपारी सुटला. आठवड्याने वहिनी आणि भाऊजी तळ्याकाठच्या घरी गेले तेव्हा तो पायरीवर बसला होता आणि नर्स त्याच्या डोळ्यांत थेंब घालत होती. ऑपरेशनची तारीख मिळाली होती.

"घर ठेवणार?" भाऊजींनी विचारलं.

"दुसरं परवडणार आहे का?" नर्स म्हणाली. "छताचा वासा किडका निघालाय. बाबांना तोही दिसला नव्हता."

तेवढ्यात फाटकातून ताईंची भाची आली. बेकरी बंद होती. एका आठवड्यात ती वाळली होती. कोणाकडे न बघता ती आत गेली आणि जिन्याखाली थांबली. पोलिसांचं काम संपलं होतं, पण विटांचे तीन थर अजून तसेच होते.

"ह्या राहिलेल्या मी काढल्या तर चालेल?" तिने विचारलं.

म्हातारा उठून भिंतीच्या आधाराने आत आला. खाली बसून त्याने जमीन चाचपली, हातोडा सापडला, आणि दांडा पुढे करून त्याने तो तिच्या हातात दिला.